झोपेची दुरुस्ती

झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप झोपेतून उठतच नाही, ही जुनी तक्रार लुसिमारानं कर्नलमध्ये, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीत, दुरुस्ती करून एकदाची संपवली होती. आज ऑफिसात ती दुरुस्ती वापरणाऱ्या एका अनोळखी माणसाची ईमेल आली. ‘आता तो उठतो, पण खरा झोपतच नाही. पडदा काळा होतो आणि आत सगळं चालूच राहतं. माझी पिशवी आतून करपली.’

ती दुरुस्ती तिनं आधी घरच्या लॅपटॉपवरच करून पाहिली होती. घरी तिचं तान्हं बाळ होतं आणि त्याला सांभाळणारी आई. आई फोन उचलेना. कुरितिबाच्या बोचऱ्या थंडीत जॅकेट न घेताच ती टॅक्सीत बसली.

आई निवांत उकडलेले पिन्यांव, पाइनच्या झाडाच्या बिया, सोलत होती.

“आई, लॅपटॉप कुठाय?”

“हळू बोल. बाळ झोपलंय, म्हणून तर फोन गप्प केलाय.”

“लॅपटॉप कुठाय, आई?”

“त्याच्या पायाशी. पांघरुणात.”

लुसिमारानं धावत जाऊन पांघरूण ओढलं. लॅपटॉप उचलताना तिची बोटं पोळली, तरी तिनं तो मागच्या अंगणात नेऊन टाकला. गादीवर तपकिरी डाग पडला होता, बाळाच्या तळव्यापासून वीतभर अंतरावर. बाळ शांत झोपलं होतं. तिनं त्याला उचलून छातीशी धरलं.

“एवढं काय झालं गं?” आई दारात येऊन म्हणाली. “तू तो दुरुस्त केलास ना, तेव्हापासून बाळ रोज त्याच्याच उबेला झोपतं.”