काचेच्या पाठीवर

काचेवर पांढऱ्या बर्फाचा शेवटचा हात मारला आणि यागोदाच्या लक्षात आलं. बाई चुकली होती.

"फाटक लावलंस ना रे?" व्हिंकोकाका नुकत्याच आलेल्या दुसऱ्या शिकाऊ पोराला, ड्राझेनला, विचारत होते. येईल त्याला ते हेच विचारायचे.

"लावलं, काका."

भिंतीवर नकलेसाठी काकांनी काचेवर रंगवलेलं चित्र होतं. डावीकडे घर, मधोमध बर्फात एक बाई. बाई कसली, एक काळा त्रिकोण, लाल रुमाल, हातात पेटी आणि घराकडे पाठ करून निघालेलं टोकदार नाक. अकरा वर्षांपूर्वी काकांची बायको, रोझाकाकू, जर्मनीच्या बसमध्ये बसल्या त्या परतल्याच नाहीत. तेव्हापासून काकांच्या प्रत्येक काचेत ही बाई निघालेलीच असायची. गावात त्यावर कुणी अवाक्षर काढत नसे.

यंदाच्या हिवाळ्यात काका एकालाच शिकवणार होते. जो हुबेहूब नक्कल करेल, त्याला.

काचेच्या पाठीवर रंगवायचं आणि समोरून बघायचं म्हणजे सगळंच उफराटं. पुढचं आधी, मागचं नंतर. डावं ते उजवं. परवा यागोदाने बाई काढली, इतकी झक्कास की स्वतःवरच खूश झाली. काल घर काढताना मात्र हे उफराटेपण आठवलं, म्हणून ते उजवीकडे काढलं. बाईचं नाक भिंतीवर दिसलं तसंच राहून गेलं होतं. आता त्यावर बर्फ चढला होता. नाक काढायचं तर सगळी काच खरवडावी लागणार.

"काचा उलट्या करा रे," काका म्हणाले.

ड्राझेनने मान लांब केली. "अगं ए, तुझी बाई शेगडीवर दूध विसरून आली काय? घरी परत निघालीये."

काका हसले नाहीत. त्यांनी आधी ड्राझेनची काच पाहिली. "हुबेहूब. असल्या माझ्याकडे दोनशे आहेत."

मग यागोदाची उचलली. बराच वेळ धरून बसले. त्यांचा अंगठा पेटीवरून फिरला, घरापर्यंत गेला, तिथेच थांबला.

"चुकलं, काका," ती पुटपुटली. "खरवडून टाकते."

"हात लावू नकोस." त्यांनी काच खिडकीत उभी केली, रस्त्याकडे तोंड करून. "उद्या शाळा सुटली की ये."

यागोदा उडी मारणारच होती. दप्तर कवटाळून ती दारापर्यंत पोचली, तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला.

"आणि पोरी, जाताना फाटक लावू नकोस."