बोटभर वाढ

वीस बाजूंचा फासा. चौबे कॉलनीतलं सुशीलचं भाड्याचं घर. दाराच्या चौकटीवर हिरव्या पेन्सिलीच्या अकरा रेघा.

दर रविवारी दुपारी सुशील, पायल आणि आणखी दोघं इथं खेळायचे. खेळ सोंगांचा: प्रत्येकानं कागदावर एक पात्र लिहायचं, फासा टाकायचा आणि त्या पात्रासारखं वागायचं. त्यात सुशील ड्रॅगनचं पिल्लू व्हायचा. डाव संपला की पिल्लू बोटभर वाढायचं आणि पायल चौकटीवर त्याची उंची मांडायची.

मग एकेक जण नोकरीसाठी रायपूर सोडून गेला. शेवटी पायलचा पुण्याहून फोन आला.

"सुशील भैया, खेळ बंद करू ना आता. मले वेळच नाही भेटून राहिला."

"अन् माझ्या पिल्लाचं काय?"

"कागदावरचं आहे ते. झोपून राहू दे."

"उपाशी?"

ती हसली. त्यानंतर रायपुरात सुशीलशी बोलायला कुणीच उरलं नाही.

पुढच्या रविवारी चौकटीवर बारावी हिरवी रेघ होती. त्यानं पायलला फोटो पाठवला. "तूच काढली असशील," तिनं लिहिलं.

त्यापुढच्या रविवारी तेरावी होती, आणि शेजारी, बरीच वर, एक वेगळी रेघ. सुशील चौकटीला पाठ लावून उभा राहिला. रेघ त्याच्या डोक्याला बरोबर टेकली. कुणी त्याची उंची मोजून खूप वर्षं झाली होती. त्याला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी चौदावी होती, आणि त्या वरच्या रेघेच्या बोटभर खाली आणखी एक नवी रेघ. तो पुन्हा पाठ लावून उभा राहिला. तीही बरोबर टेकली.

हिरवी पेन्सिल तर पायल पुण्याला जातानाच घेऊन गेली होती.