चौथा रंग

भोजराजच्या हातातला माऊस तसाच राहिला. पडद्यावर सात ओळी लाल झाल्या होत्या. वर्षभर तो हीच यादी उघडत आला होता आणि तिच्यात लाल ओळ एकही नव्हती.

अर्जुनी मोरगावच्या त्या लहानशा संस्थेत सकाळीच नवा संगणक बसला होता. शाळेतल्या पोरांचं रक्त तपासून सिकलसेलचे रुग्ण शोधायचे, हे संस्थेचं काम. रक्ताच्या या आनुवंशिक आजारात हाडं असह्य दुखतात, आणि गार पाणी, श्रम, साधा तापही जिवावर बेततो. गोंदियाच्या कार्यालयातली रचना या याद्या तयार करायची. गेल्या वर्षी, दोन हजार नऊमध्ये, तिनं पाठवलेली एक्सेलची फाईल भोजराजच्या जुनाट संगणकावर उघडेना. त्यानंच फोनवर तगादा लावला होता, "मॅडम, जुन्यामंदी सेव्ह करून द्या न."

तिनं दिली. पिवळा म्हणजे वाहक, निळा म्हणजे पुन्हा तपासणी, राखाडी म्हणजे गैरहजर, लाल म्हणजे आजार, हेही सांगितलं. पांढरी ओळ म्हणजे पोर ठणठणीत.

आता त्यानं पुन्हा तिला फोन लावला. तिनं तीच फाईल आपल्याकडे उघडून पाहिली.

"जुन्या एक्सेलला रंगांचे तीनच नियम समजतात, भोजराजजी. चौथा फाईलमध्ये असतो, पण तो दाखवत नाही; नव्या एक्सेलमध्येच दिसतो. सेव्ह करताना तशी सूचना आली होती. मी न वाचताच ओके केलं."

तिच्यावर ओरडावं असं त्याला फार वाटलं. पण लाल कुठंच नाही हे पाहून तेव्हा त्यालाही हायसंच वाटलं होतं. शेजारच्या रकान्यात तपासणीचे आकडे होते. ते त्यानं कधी वाचले नव्हते.

सहा पोरांच्या घरी त्यानं दुपारपर्यंत निरोप पोचवले. सातवं नाव दीप्तीचं होतं. नववीतली ही पोरगी श्रावणात तीन दिवसांच्या तापानं गेली होती. तिची आई पार्वताबाई निकाल विचारायला आली, तेव्हा त्यानंच ओळीवर बोट ठेवून म्हटलं होतं, "पांढरी आहे. काई नाही तुमच्या पोरीले."

तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. त्यानं मोटरसायकल काढली आणि प्रतापगडाच्या पायथ्याचं ते गाव गाठलं.

पार्वताबाई अंगणात धान वाळवत होती. तो रंगांचं सांगू लागला. तिला काही उमगेना. शेवटी त्यानं एका दमात सांगून टाकलं, "बाई, दीप्तीले बिमारी होती. यादीत होती. मले दिसली नाही."

आता ती शिव्या देईल, अंगावर येईल, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. ती धानाच्या कडेला मटकन खाली बसली.

"धानाच्या रोवन्याच्या वक्ती दीप्ती म्हने, माय, हाडं फुटून राहिले, आज नाही जात मी." तिचा आवाज अगदी सरळ होता. "मी म्हनलं, सायबानं यादी पाह्यली, तुले काई नाही. हाताले धरून ओढत नेली मी तिले बांधीत. दिवसभर पान्यात उभी केली."

भोजराजनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"म्हंजे माही पोरगी ढोंग नव्हती करून राहिली, साहेब."