गाऊनचे बंद
मारकुट्या बापाला किडनी द्यायला मुलगी तयार झाली होती. ऑपरेशनच्या सकाळी आई तिच्या खोलीत येऊन म्हणाली, “देऊ नकोस.” मुलगी गोंधळली. “अगं, त्यांना क्षमा कर म्हणून रोज प्रार्थना तूच करायचीस ना?” “ते मी देवाला सांगत होते, तुला नाही.” “म्हणजे मरू द्यायचं त्यांना?” “असं कुठं म्हटलं मी?” “मग पाप कशात, पुण्य कशात?” “मला काय विचारतेस? एवढी पुस्तकं तू वाचलीस!” तेवढ्यात नर्स डोकावून म्हणाली, “ताई, गाऊनचे बंद बांधा, निघायचंय.” बंद पाठीवर होते, मुलीचा हात पोचेना. आईने तिला पाठमोरी केली. नवऱ्याने मोडलेलं मनगट नीट वळत नव्हतं, तरी तिने एकेक गाठ मारली. “जाऊ नकोस गं,” ती म्हणाली. मग बोट आत सरकवून तिने विचारलं, “फार आवळलं का?”