मागं बघणारा कापडवाला

बंगळूरातल्या शिवाजीनगरच्या त्या कापडवाल्याला गिऱ्हाइकाशी वागायची रीतच नव्हती. मथुराबाई मोकळ्या कपाळानं समोर बसल्या होत्या, तरी त्यांनी बिनकाठाचं पांढरं लुगडं हातात घेतलं की मेला त्यांच्या खांद्यावरून मागं बघायचा, लुगडं काढून घ्यायचा आणि पुन्हा जरीकाठाचं हिरवंच पुढ्यात पसरायचा.

आधीच बंगळूर त्यांना परकं. मुलाला इथल्या नव्या टेलिफोनच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून त्या आल्या खऱ्या, पण वर्षापूर्वी वारलेल्या मालकांना कऱ्हाडात एकटं टाकून आलो, हे मनाला रोज डाचायचं. त्यात ही थट्टा!

त्या बरोबर आलेल्या शेजारणीला म्हणाल्या, "गंगव्वा, विचार त्याला, विधवेला हिरवं नेसवतात का तुमच्याकडं?"

गंगव्वानं कानडीत विचारलं. दुकानदार हात जोडून काहीतरी बोलला, तसा तिचा चेहरा उतरला.

"अक्का, तो म्हणतोय, मी तरी काय करू? तुमच्या मागं काळ्या टोपीतले, काखेत छत्री धरलेले यजमान उभे आहेत. तुम्ही पांढरं उचललं की ते मान हलवून नको म्हणतात."

मथुराबाईंनी मागं वळून बघितलं नाही. फक्त पदर डोक्यावर नीट ओढून घेतला.



"त्यांच्याकडं काय बघतोस रे? लुगड्यातलं त्यांना जन्मात कधी काही कळलं नाही. जाऊ दे. बांध ते हिरवं."