बाकाराची शिकवणी
लिनफोंगने मकावच्या कॅसिनोत तीस वर्षं पत्ते वाटले, पण नोकरीत असताना खेळायला बंदी. निवृत्त झाल्यावर शेजारचे विधुर मच्छीवाले कामहोई तिला बाकारा हा पत्त्यांचा डाव स्वतः खेळायला शिकवायला बसले. पैज ठरली: ती जिंकली तर महिनाभर फुकट मासळी. ते जिंकले तर तिने रोज चहाला त्यांच्याकडे यायचं. ज्याची बेरीज नऊच्या जवळ, तो जिंकला. त्यांचे सात झाले. तिचा पहिला पत्ता राजा, म्हणजे शून्य. दुसरा पत्ता ती सवयीने झटकन उलटायला गेली. "अहो, नोकरी सुटली ना? सावकाश. कड वाकवा, फुंकर मारा." लांब कडेला तीन बदाम दिसले. "सहा, सात नाहीतर आठ." कामहोईंनी सांगितलं. तिने फुंकर मारून पत्ता फक्त स्वतःला दिसेल असा उघडला. आठ. "सहाच. हरले. चहा किती वाजता?" पत्ता गड्डीत मिसळून तिने, कॅसिनोत टेबल सोडताना काही लपवलं नाही म्हणून दाखवायची तसे, टाळी वाजवून रिकामे तळवे दाखवले.