भाडेकरूची आई

"काकू, मला खोली सोडावी लागतेय. करार संपायच्या आधीच," शलाका दारातूनच म्हणाली.

घरमालकीण इनामदारकाकूंनी चष्मा वर सरकवला. "का गं? आत्ताच तर नोकरी लागली तुला."

"गावी आई शेवग्याच्या झाडावरून पडली. पाय मोडलाय, आणि घरात दुसरं कुणीच नाही."

"या वयात झाडावर?"

"शेजारीण म्हणाली, आता तुम्हाला जमायचं नाही. म्हणून चढली."

काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "नोकरी सोडू नकोस. तिलाच इकडे आण. दिवसभर मी आहे. असली बाई मला बघायचीच आहे."

आई आली, प्लास्टरसकट. पहिल्याच जेवणात तिनं काकूंच्या आमटीला नावं ठेवली. काकूंनी वाटी उचलून नेली. आता दोघींची भांडणं सोडवण्यातच जन्म जाणार, असं शलाकाला वाटलं. पण हळूहळू ती ऑफिसातून परतली, की दोघी पत्ते कुटताना आणि एकमेकींना लबाड म्हणताना दिसू लागल्या. शलाका आलेली कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा तिनं विचारलं, "आई, तुला गावी कधी सोडू?"

"गावी कुठलं? पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी गोव्याला चाललोय."

"आणि मी?"

"तू घरीच थांब," काकू म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसांत तुला करमायचं नाही."